पंखा तीनवर

चार वाजताचा कॉल मनासारखा झाला, तर रमाकांत खोतांच्या पदरात काय पडणार होतं ते आधी बघू. बायको घरात राहणार होती. आल्यागेल्यासमोर ती नवऱ्याचं कौतुक करणार होती. रविवारी हॉलमध्ये पत्त्यांचा डाव बसला, तरी आतल्या खोलीतून कुणी टोकणार नव्हतं. उलट ‘आपण सर्व जण आलात, फार आनंद वाटला’ असं ऐकू येणार होतं. शिवाय ‘नवरा असावा तर खोतांसारखा’ हे गल्लीत झालेलं नाव कायम राहणार होतं. खोतांना संसारात फायदा दिसायला लागला तो असा उतारवयात, आणि तो उचलून पुण्याला द्यायची त्यांची तयारी नव्हती.

पुण्याला म्हणजे ऋजुताकडे. ही त्यांची एकुलती मुलगी. आईला आपल्याकडे न्यायचं म्हणून तिनं संमती मंडळाकडे अर्ज केला होता. हेमलताबाईंच्या बोलण्याचं यंत्र सरकारी योजनेतलं, आणि ते एकदा ज्या पत्त्यावर कायम झालं तिथून लवकर हलत नसे. पत्ता कुठला हे ना नवऱ्यानं ठरवायचं ना मुलीनं. मंडळाची बाई कॉलवर येऊन खुद्द हेमलताबाईंना विचारणार होती, आणि त्या सांगतील ते शेवटचं.

हेमलताबाई गडहिंग्लजमध्ये मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्तीनंतर मेंदूत रक्तस्राव झाला आणि मानेखालचं सगळं थांबलं. जीभही थांबली. कान, डोळे आणि अक्कल मात्र पूर्वीइतकीच तल्लख राहिली, आणि दुखणं खरं तिथंच होतं. सुरुवातीला पापणी एकदा मिटली की हो, दोनदा मिटली की नाही, असं चालायचं. खोत समोर बसून एकेक प्रश्न विचारायचे आणि पापण्यांकडे टक लावून बघायचे. दसऱ्यानंतर यंत्र आलं. मग पापण्यांकडे बघायची गरज उरली नाही.

यंत्र म्हणजे दोन कॉम्प्युटर. मेंदूच्या ज्या भागात बोलणं जुळतं, तिथं डॉक्टरांनी नखाएवढी पातळ चकती बसवलेली. माणूस बोलायचं मनात आणतो तेव्हा ओठ-जीभ हलो न हलो, त्या भागात हुकूम सुटतातच. पलंगाशेजारचा पहिला कॉम्प्युटर ते हुकूम पकडून त्यांची अक्षरं करायचा. त्याचं नाव ‘वाचक’. अक्षरं तुटक यायची, मधली गळायची. ती दुसऱ्या कॉम्प्युटरकडे जायची, आणि तो गाळलेलं भरून, वाक्य जुळवून, बाईंच्याच जुन्या आवाजात बोलायचा. तो ‘वक्ता’. मेंदू वाचणारं यंत्र हवेतून कशालाही जोडायचं नाही असा कायदा होता, कारण हवेतून काय कोण चोरेल सांगता येत नाही. म्हणून दोघांच्या मधे एक साधी वायर. हेमलताबाईंचं सगळं बोलणं त्या वायरीतून जायचं.

वक्त्याला गाळलेलं भरता येण्यासाठी बाई कशा बोलतात ते शिकवावं लागलं. त्यासाठी जुनी रेकॉर्डिंग लागली. ती कुठून आणायची? घरात बाई नवऱ्याला काय बोलत, ते कुणी रेकॉर्ड करून ठेवत नाही. होती ती शाळेची स्नेहसंमेलनं, बक्षीस समारंभ, निरोप समारंभ. वक्ता शिकला तो त्यावर. पहिल्याच आठवड्यात खोतांनी पाय चेपले तेव्हा आवाज आला, “अहो, आपण घेत असलेल्या कष्टांबद्दल मी मनापासून आभारी आहे.”

खोत दचकले. सगळ्या संसारात हेमलताबाईंनी त्यांना ‘अहो’ म्हटलं नव्हतं. त्या ‘खोत’ म्हणायच्या, हजेरी घेतल्यासारखं. आभार वगैरे तर सोडाच. पण चांगली वस्तू दारात आली की तिचं बिल कोण मागतं? आजारानं माणूस बदलतं, एवढं म्हणून त्यांनी दुसरा पाय चेपायला घेतला.

बाकी एक गोष्ट त्यांच्या लवकरच लक्षात आली. बाई नेहमीच गोड नसायच्या. सोमवारी दुरुस्तीसाठी वीज जायची. यंत्रं बॅटरीवर चालू राहायची, पंखा थांबायचा, आणि तेवढ्या वेळात बाईंची जुनी भाषा परत यायची. “खोत, औषधाची वेळ चुकली.” “खोत, तो टॉवेल ओला आहे.” वीज आली, पंखा फिरला, की परत संमेलन सुरू. टेलिफोन खात्यात जन्म गेलेला माणूस. दोष कधी येतो आणि कधी जातो यावरून कारण काढायची सवय. खोतांनी कारण काढलं: उकडलं की हिची चिडचिड होते, वारा लागला की शांत. पंखा तीनवर ठेवला तर सगळ्यात उत्तम. ऑक्टोबर होता, त्यात चूक काहीच नव्हती.

मग दिवाळी गेली, थंडी पडली. एका सोमवारी वीज गेलेली असताना आवाज आला, “खोत, पंखा नको. गार लागतं.” वीज आल्यावर पंखा आपोआप फिरायला लागला. खोत रेग्युलेटरकडे निघाले, पण भला माणूस, आधी विचारावं म्हणून विचारलं, “हेमा, पंखा बंद करू ना?”

“नको, असू द्या. प्रसन्न वाटतंय.”

दोन उत्तरं समोर होती. खोतांनी सोयीचं होतं ते घेतलं, आणि वर एक जादा पांघरूण घातलं. आता बाई दिवसभर वर छताकडे डोळे लावून असायच्या. देवाचं नाव घेत असेल, असं खोत येणाऱ्याजाणाऱ्यांना सांगत.

कॉलच्या दिवशी सकाळी ऋजुता पुण्याहून आली. आईच्या गालाला गाल लावला आणि झटकन मागे झाली.

“बाबा, किती गार पडलीय आई! जानेवारीत पंखा लावतं का कुणी?”

“तिलाच लागतो. विचार की तिला.”

“आई, पंखा लागतो तुला?”

“हो बाळ. तू एवढ्या लांबून वेळ काढून आलीस, आनंद झाला.”

ऋजुता तिथंच उभी राहिली. आईनं तिला बाळ कधी म्हटलं होतं हे आठवायचा तिनं प्रयत्न केला असावा. मग ती शेजारी बसली. “आई, मी नोकरी बदलायचं म्हणतेय. आत्ताच्यापेक्षा कमी पगाराची.”

“तुझ्या पुढील वाटचालीस माझ्या मनःपूर्वक शुभेच्छा.”

“बाबा, बाहेर या,” ऋजुता म्हणाली. हॉलमध्ये आल्यावर तिनं आवाज खाली आणला. “ही आई नाही.”

“मग कोण आहे?”

“आईला मी असं सांगितलं असतं, तर तिनं पहिल्यांदा विचारलं असतं, अक्कल गहाण ठेवलीस का.”

“माणूस मवाळ होतं गं वयाबरोबर. तुला ती भांडली नाही याचंच वाईट वाटतंय होय?” खोत हसले, पण हसू तोंडभर पसरलं नाही. “चारला बाई येणार म्हणून आता तू खुसपटं काढणार. तिला इथंच राहायचंय, कालच म्हणाली, ‘या घरानं मला खूप काही दिलं.’ ऐकव तुझ्या मंडळाला.”

“कनेक्शन बघू देत मला.”

“बघ की. दिवा लागलाय दोन्हीकडं.”

दिवा लागला होता हे खरं. पण वक्ता पलंगाजवळ नव्हता, हॉलमध्ये टीव्हीखाली होता. कंपनीच्या माणसानं दोन्ही कॉम्प्युटर शेजारी ठेवून हातभर वायरीनं जोडून दिले होते. तिथं दोन दिवसांतच कफ ओढायच्या मशीनची अडचण व्हायला लागली, आणि आलेल्यांना हेमाचं बोलणं हॉलमध्ये ऐकू यावं असंही खोतांना वाटलं. त्यांनी वक्ता बाहेर आणला, पलंगाशी त्याचा एक छोटा स्पीकर आणि मायक्रोफोन टांगला, लांब वायर विकत आणली आणि तिची टोकं स्वतः बसवली. भिंतीवरून पंख्याची प्लास्टिकची पट्टी हॉलपर्यंत आलेलीच होती, तिच्यातून वायर ओढून घेतली. बाहेरून दिसतसुद्धा नव्हती. या कामाचा त्यांना अभिमान होता.

“कंपनीची मूळ वायर कुठाय?”

“ती टोमॅटोच्या वेलाला बांधलीय. प्लगं काढून.”

ऋजुता परत आतल्या खोलीत गेली, खोत मागोमाग. तिनं वाचकाच्या छोट्या पडद्यावर एक चाचणी सुरू केली. एका यंत्रानं दुसऱ्याला हाक मारायची, ‘आहेस का?’ दुसऱ्यानं म्हणायचं, ‘आहे.’ पडद्यावर ओळी सरकायला लागल्या. उत्तर नाही. उत्तर नाही. उत्तर नाही.

“बघा. आईचं काहीच तिकडं पोचत नाहीये.”

“मग बोलतंय कोण? तू आलीस तेव्हा तर बोलली.”

“बाबा, वक्त्याला मायक्रोफोन आहे. आपण काय विचारलं ते त्याला ऐकू येतं. आईची अक्षरं आली नाहीत की तो स्वतःच भरतो. एखादा शब्द नाही आला तर एक शब्द भरायचा. काहीच नाही आलं, तर...”

“तर सगळंच भरायचं?” खोत ओरडले. “खुळी काय तू? दिवा लागलाय! लाइन मेलेली असती तर दिवा लागला असता काय? मी आयुष्यभर हेच केलंय.”

पलंगाजवळच्या स्पीकरमधून आवाज आला, “वाद नको. आपण सर्वांनी मिळून पुढे जाऊ या.”

ऋजुतानं स्पीकरकडे नुसतं बोट दाखवलं.

मग सुरू झाली झटापट. ऋजुतानं दोन्ही कॉम्प्युटरचे पत्ते तपासले. दोघं एकाच गल्लीतले, नंबर वेगळे, जसे हवेत तसे. बंद करून चालू केले. मधलं राखण करणारं सॉफ्टवेअर थोडा वेळ उठवलं, परत बसवलं. वायर दुसऱ्या खाचेत लावली. उत्तर नाही. खोतांनी कपाटातून आपलं टेस्टर आणलं, वायरीच्या दोन टोकांना दोन डब्या लावल्या, आणि एकामागून एक आठही दिवे हिरवे लागले.

“घे! आठही तारा सरळ आहेत. एक तुटलेली नाही, एक उलटी नाही. तुझ्या यंत्रात दोष आहे, माझ्या वायरीत नाही.”

“मग मी नवीन वायर आणते. तयार. वायर बदलूनही नाही चाललं, तर तुमचं खरं.”

“दुपारचं दुकान उघडं मिळेल का बघ. आणि चारच्या आत ये. बाई येऊन बसेल.”

“मी आल्याशिवाय कॉल घ्यायचा नाही,” चपला घालताना ती म्हणाली. “घेतलात तर मी तक्रार करीन, बाबा. तुमच्यावर.”

“बापावर करशील?”

“आईची मुलगी आहे.”

ती गेली. पडद्यावर ओळी सरकतच होत्या.

खोतांनी टेस्टर कपाटात ठेवलं. मुलगी बोलली ते खोटं होतं हे तिला दाखवायचं, तर पट्टी उघडून आतली वायर एकदा नजरेखालून घालणं आलं. त्यांनी स्टूल आणलं. पट्टीत पंख्याची विजेची वायर शेजारीच होती, आणि विजेच्या तारेजवळ हात घालायचा तर आधी वीज बंद, ही खात्यातली पहिली शिस्त. साहेब समोर उभा असो नसो, ती त्यांनी कधी मोडली नव्हती. त्यांनी पंख्याचं बटण दाबून बंद केलं. पाती फिरत फिरत थांबली.

खोत स्टूलवर चढले आणि सहज त्यांची नजर पडद्यावर गेली.

आहे. आहे. आहे. आहे.

ते स्टूलवरून उतरले आणि पंखा लावला. उत्तर नाही. बंद केला. आहे. लावला. परत काही नाही. या खेळात हेमलताबाईंचे डोळे पंख्याकडे लागलेले होते. खोतांनी शेवटी बंद केला आणि वायरीचं टोक भिंगाखाली धरलं.

दोष कळायला त्यांना वेळ लागला नाही, आणि त्याचंच वाईट. अशा वायरीत आठ तारा दोन-दोनच्या जोड्यांनी एकमेकींना पीळ घालून असतात. पिळाचं कारण असं, की बाहेरून विजेचा खडखडाट आला तर तो जोडीतल्या दोघींवर सारखाच पडावा. पलीकडचं यंत्र दोघींमधला फरक तेवढा ऐकतं; सारखं असेल ते आपोआप कटतं, आणि उरतो तो निरोप. एकाच जोडीतल्या दोघींनी एकत्र काम करायचं, एवढीच अट. कॉम्प्युटरच्या प्लगात म्हणून तिसरी आणि सहावी जागा एका जोडीला देतात, मधल्या दोन दुसऱ्या जोडीला. दिसायला विचित्र, पण तसंच. खोतांनी मात्र टेलिफोनच्या क्रमानं भरल्या होत्या: निळी जोडी, नारिंगी जोडी, हिरवी, तपकिरी, रांगेनं. हात वर्षानुवर्षं तोच क्रम चालवत आलेला. खात्यात नव्या वायरींचं शिबिर झालं होतं तेव्हा ते गेलेही होते. जेवण चांगलं होतं.

आता तिसऱ्या-सहाव्या जागेवर दोन वेगवेगळ्या जोड्यांतल्या तारा होत्या. एकीचं सुख दुसरीला नाही, एकीचा खडखडाट दुसरीला कळत नाही. टेस्टर फक्त तार अखंड आहे का ते सांगतं; आठही अखंड होत्या. दिव्याला निरोप कळावा लागत नाही, नुसता जाड धक्का पुरतो. तो लागत होता. शांत घरात बोलणंही कसंबसं पोचायचं. पण शेजारच्या तारेतून पंख्याचा रेग्युलेटर वीज तुकडे तुकडे करून सोडायचा, तीनवर सगळ्यात जास्त, आणि त्या गोंगाटात नाजूक निरोपाचा भुगा व्हायचा.

म्हणजे पंखा चालू असेपर्यंत हेमाला पंखा बंद करा हे सांगताच येत नव्हतं.

“खोत.”

स्पीकरमधून आलं. मग बराच वेळ काही नाही. वक्ता आता स्वतःचं घुसवत नव्हता. त्याला अक्षरं मिळत होती आणि तो त्यांची वाट बघत होता.

“हेमा?”

“पंखा. थांबला.”

“थांबवला मी. हे बघ, माझ्याकडनं वायरीत जरा...”

“दिवाळीपासून. सांगतेय.”

“मी विचारलं होतं की तुला! बंद करू का म्हणून. तू नको म्हणालीस.”

“मला नाही.” परत थांबणं. “हॉलमधलीला. विचारलंत.”

खोत पलंगाच्या कडेवर बसले. पांघरुणावरून हात फिरवला. पांघरूण जाड होतं, पण नाक आणि कान उघडे होते आणि ते गारठलेले होते.

“ती माझ्या आवाजात. तुमचे आभार मानते. मी ऐकते.”

खोतांना शेजारची गुणे वहिनी आठवली, तिच्यासमोर हॉलमधलीनं त्यांना ‘देवमाणूस’ म्हटलं होतं तेव्हा आपण कसे लाजलो होतो तेही आठवलं. दाराआड हेमा ते सगळं ऐकत होती.

“डोळे मिटत होते. दोनदा. रोज. तुम्ही बघितलं नाही.”

“नाही बघितलं,” खोत म्हणाले.

घड्याळाचा काटा चारकडे सरकला होता. त्यांनी हेमाच्या चेहऱ्याकडे बघितलं. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. तो हलतच नव्हता.

“हेमा, मंडळाची बाई विचारेल आता. तू काय सांगणार?”

“सांगेन.”

“म्हणजे इथं की...”

“तिला सांगेन.”

त्याच क्षणी पलंगाच्या पायथ्याशी लावलेला टॅब वाजला. मंडळाची बाई वेळेआधी आली होती. पडद्यावर चष्मा, मागे फायलींचं कपाट. “नमस्कार. मी अनघा बेळेकर, संमती मंडळ. अर्जदार ऋजुता खोत आहेत का?”

“बाजारात गेलीय. येईल आता.”

“त्यांची गरज नाही. हेमलताबाई आहेत ना? मला पुढं दोन कॉल आहेत. दोन्ही कॉम्प्युटरवर दिवा हिरवा आहे का ते दाखवा.”

खोतांनी टॅब फिरवून दोन्ही दिवे दाखवले. दोन्ही हिरवेगार. मंडळाला एवढंच बघायचं असे.

“ठीक. बाईंना मी एकदाच विचारणार. उत्तर रेकॉर्ड होईल. तुम्ही मधे बोलायचं नाही. एक मिनिट, नोंद उघडते.”

पंख्याचं बटण खोतांच्या हाताशी होतं. ते दाबलं की झालं. हवा सुटेल, हॉलमधली जागी होईल आणि या घरानं आपल्याला खूप काही दिलं असं मंडळाला छान स्वरात सांगेल. नंतर हवं तर पंखा बंद करू, वायर नीट करू, हेमाची माफी मागू. पांघरुणं घालू. ऋजुता वायर घेऊन येईपर्यंत सगळं नोंदलं गेलेलं असेल. कुणाला कळणार होतं? एका माणसाला कळेल, आणि तिचं बोलणं पंख्याच्या वाऱ्यात जाईल. खोतांनी बोट बटणावर ठेवलं. बटण गुळगुळीत होतं, वर्षानुवर्षं त्यांच्याच बोटानं झालेलं.

हेमलताबाईंचे डोळे पंख्यावरून निघाले आणि त्यांच्या बोटावर आले. पापण्या मिटल्या. उघडल्या. परत मिटल्या.

दोनदा.

खोत बटणावरून हात काढून दारामागच्या डब्याकडे गेले. मेन स्विच खाली ओढला. यंत्रं बॅटरीवर गेली, दिवे हिरवेच राहिले. पक्कड घेऊन ते स्टूलवर चढले आणि पट्टीतली पंख्याची वायर त्यांनी कचकन कापली.

“अहो, काय चाललंय तिथं?” बेळेकर बाई म्हणाल्या.

“पंखा बंद करतोय, मॅडम.”

“बटण नाहीये का?”

“आहे. म्हणूनच.”

बेळेकर बाईंनी चष्मा सरळ केला. “हेमलताबाई, आपल्याला कुठं राहायचं आहे? इथं, की मुलीकडं पुण्याला?”

खोलीत काही वाजत नव्हतं. खोत स्टूलवरच उभे होते, पक्कड हातात. पहिलं अक्षर यायला इतका वेळ लागला, की बेळेकर बाईंनी प्रश्न परत विचारायला तोंड उघडलं.

“पुण्याला.”

“कारण सांगायचं असेल तर सांगू शकता. सक्ती नाही.”

“इथं प्रश्न मला विचारतात. आणि उत्तर. दुसरीचं घेतात.”

बेळेकर बाईंनी टाइप केलं, मान वर केली. “पतींची काही हरकत? लाइनमध्ये दोष वगैरे असेल तर आत्ताच सांगा. तपासणी लावता येते, निर्णय पुढं जातो.”

ही शेवटची फट होती आणि सरकारी शिक्क्याची होती. दोष होता म्हणायचं. ते खोटंही नव्हतं. तपासणी लागेल, महिने जातील, तोवर हेमा इथं. खोत स्टूलवरून उतरायला लागले. एक पाय जमिनीवर, एक स्टूलवर, असे थोडे थांबले.

“दोष होता, मॅडम. काढला. आता लाइन स्वच्छ आहे,” ते म्हणाले. “मी तपासलीय. टेलिफोनात होतो.”

“धन्यवाद. नोंद झाली.”

पडदा काळा झाला. खोत पलंगाशी बसले. आपल्या गळ्यातला मफलर काढून त्यांनी हेमाच्या कानांवर ओढला.

“वायर. कुणी केली?”

“मी.”

“वाटलंच.”

दार उघडलं. ऋजुता धापा टाकत आत आली, हातात नवीन वायरीचं वेटोळं. “दुकान बंद होतं, त्यांच्या घरी जाऊन उठवलं. कॉल... बाबा, तुम्ही कॉल घेतलात?” तिची नजर भिंतीवरून लोंबणाऱ्या तारांवर गेली, पंख्यावर, मग बापाच्या तोंडावर. “आई काय म्हणाली?”

“पुण्याला म्हणाली.”

ऋजुता रडायच्या बेतात होती. तेवढ्यात स्पीकर बोलला.

“ऋजुता. ती नोकरी. अक्कल गहाण ठेवलीस का?”

मुलगी रडली ती मग पोटभर रडली, आणि मधेमधे हसली.

आता कुणाला काय पडलं ते बघू. हेमलताबाईंनी आख्खा हिवाळा भरला, आणि त्याची पावती त्यांना कुणी दिली नाही. कंपनीनं एक पत्रक काढलं की वायर तयार वापरावी. ऋजुताला आई मिळाली, अगदी अस्सल. पुण्याच्या घरात वक्त्याची स्वतःचं भरायची सोय पूर्ण बंद आहे, आणि दोन्ही कॉम्प्युटर पलंगाशी शेजारी-शेजारी, हातभर वायरीनं जोडलेले. ऋजुताचा स्वयंपाक, पडदे, नोकरी आणि नवरा यांच्याबद्दल तिला रोज ऐकावं लागतं. एकदा फार झालं तेव्हा तिचा हात ती सोय परत चालू करण्यापर्यंत गेला होता, असं तीच बापाला फोनवर म्हणाली. “आणि?” खोतांनी विचारलं. “आणि आईचे डोळे बघितले,” ती म्हणाली.

खोतांना हवं होतं ते बरंचसं मिळालं. टोकणारं कुणी नाही. पत्त्यांचा डाव कितीही चालो. फक्त गुणे वहिनी आता दारावरून जाताना आत डोकावत नाहीत, आणि रविवारी चौघांतले दोनच जण येतात.

एप्रिल लागला. गडहिंग्लजला उन्हानं फरशी तापते. खोत त्या खोलीतल्या रिकाम्या पलंगावर घामानं निथळत झोपतात. भिंतीवर दोन तारांची टोकं लोंबत असतात. जोडायला हाताला घटकाभराचंही काम नाही, पक्कड खिडकीतच आहे. कुणी विचारलं तर म्हणतात, करू की, सवड झाली की. आणि डोळे उघडे ठेवून वर पंख्याकडे बघत पडतात.